जहाजाचे जुने पार्ट नव्याच्या तोडीचे करायचं काम सांगली-साताऱ्यात यायला पाहिजे का? माझं मत: यायलाच पाहिजे

लेथवाला_कुपवाड

मंडळी, मागच्या आठवड्यात मामेभावानं मुंबईहून एक लाकडी पेटी पाठवली, त्यात जहाजाच्या जनरेटर इंजिनाचे सहा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तिथं बदलून टाकलेले, स्क्रॅपच्या भावानं उचललेले. एक हातात घेतला आणि बघतच बसलो. दांडा सरळ, डोकं शाबूत, फक्त सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथं टेकतो तिथं, जो स्टेलाइट या मिश्रधातूचा कडक थर असतो त्याला एका बाजूला बोटाच्या नखाएवढी खाच पडलेली, कडा खाल्ल्यासारख्या. हेवी फ्युएलमध्ये, म्हणजे जहाजाच्या जाड काळ्या तेलात, व्हॅनेडियम आणि सोडियम असतं, जळल्यावर त्याची राख गरम सीटवर चिकटून धातू खाते, त्यातून गॅस निसटायला लागला की खाच वाढतच जाते. म्हणजे खराब झालंय ते एवढंसंच, बाकी सगळा महागडा धातू तसाच आहे, आणि तो आपण भट्टीत घालणार आणि नवा व्हॉल्व्ह परदेशातून मागवणार.

माझं म्हणणं एवढंच की हे रीमॅन्युफॅक्चरिंगचं, थोडक्यात रीमॅनचं, काम आपल्याकडं यावं. आता कोण म्हणेल रिपेअर तर आपण करतोच की. रिपेअर वेगळं. रिपेअरमध्ये जे मोडलं तेवढं नीट करून गाडी चालू करायची. रीमॅनमध्ये पार्ट पूर्ण उकलायचा, धुवायचा, प्रत्येक तुकडा मूळ मापाशी ताडून बघायचा, झिजलेलं भरून काढायचं, न बसणारं फेकायचं, परत जोडून टेस्ट घ्यायची आणि नव्याला देतात तशी गॅरंटी द्यायची. कमिन्स, कॅटरपिलरसारख्या कंपन्या हे जगभर करतात, आणि कमिन्सचा एवढा मोठा कारखाना आपल्या फलटणला आहे.

आणि हे आपल्याला नवीन नाही. साखर कारखान्याचा मिल रोलर आठवा. गाळप संपलं की रोलर उतरवायचा, झिजलेलं बिडाचं शेल काढायचं, तोच फोर्जिंगचा शाफ्ट तपासून त्याच्यावर नवीन शेल तापवून चढवायचं, थंड झालं की घट्ट आवळून बसतं, मग दात पाडायचे. रिशेलिंग म्हणतो आपण त्याला. एक शाफ्ट किती सीझन काढतो ते कारखान्यातल्या फिटरला विचारा. दुसरं काय करायचंय जहाजाच्या पार्टला?

सेकंड_इंजिनिअर_कराड

दादा, तुमच्या हाताच्या कामाबद्दल शंका नाही, माझे चुलते कारखान्यात मिल फिटर होते, रोलर चढवताना मी लहानपणी बघितलाय. पण तुलना चुकतीय. रोलर बिघडला तर गाळप थांबतं, गव्हाणीपुढं ट्रॅक्टरची रांग लागते, नुकसान होतं, पण माणूस घरी जाऊन जेवतो. समुद्रात इंजिन गेलं की जहाज वाऱ्याच्या आणि पाण्याच्या हवाली.

मी चौदा वर्षं इंजिन रूममध्ये आहे, हे मी ऐकीव सांगत नाही. चौथा इंजिनिअर असताना आमच्या एका जनरेटरचे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ‘तपासून पास केलेले’ म्हणून एका वर्कशॉपकडून आले. सोबत एक पान, त्यावर शिक्का आणि सही, बोल्ट किती तास चाललेत याचा एक आकडा नाही. दिसायला चकाचक होते. अकराव्या दिवशी रात्री बोल्ट तुटला, रॉड क्रँककेसचं दार फोडून बाहेर आला, आमच्या ऑइलरच्या हातावर गरम तेल उडालं, रत्नागिरीचा पोरगा होता. सगळ्या जहाजाची लाईट गेली. त्या अंधारात ओरडाओरड चाललेली आणि मी टॉर्च शोधतोय, ते अजून स्वप्नात येतं. त्यामुळं कुणी मला ‘नव्यासारखं’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच, कुणी मोजलं, कधी मोजलं, आणि तो पार्ट आधी किती तास चाललेला होता.

दुसरी गोष्ट. १ जानेवारी २००० नंतर बांधलेल्या जहाजांवर १३० किलोवॅटच्या वरच्या डिझेल इंजिनाला नॉक्स सर्टिफिकेट (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेत असल्याचं) लागतं, आणि इंजिनाच्या टेक्निकल फाइलमध्ये कुठले पार्ट बसलेत त्यांची यादी असते. नोझल, पिस्टन, कॅमशाफ्ट यांच्यावर ओळखीचा नंबर असतो. तुम्ही घासून ग्राइंड करून तो नंबर घालवलात तर पार्ट कितीही चांगला असला तरी जहाज तपासणारा सर्व्हेअर तो मान्य करणार नाही.

पाटण_व्हॅली

बरोबर आहे. मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा पूल पाडला त्या डाली जहाजाचं काय झालं, लाईटच गेली होती ना, सहा माणसं गेली. असले जुने पार्ट घालून परत तेच व्हायचं.

लेथवाला_कुपवाड

पाटणवाले, डालीचं नाव इथं आणू नका. त्या अपघाताचा तपास अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे तिथल्या सरकारी अपघात तपास संस्थेनं, केला आणि त्यात सैल बसलेली एक वायर सापडली, वायरच्या टोकाला लावलेल्या लेबलमुळं ती कनेक्टरमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. रीमॅनचा त्याच्याशी संबंध नाही. सहा माणसं गेली ती गोष्ट मोठी आहे, म्हणूनच कारण चुकीचं जोडू नये.

कराडकर साहेब, तुमच्या ऑइलरचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मला सांगा, ते रीमॅन होतं का? कनेक्टिंग रॉडचा बोल्ट, सील, बेअरिंग शेल हे रीमॅनमध्ये आधीच फेकायचे असतात, मेकरनं दिलेले तास झाले की बोल्ट गेला. तुम्हाला जे मिळालं ते पॉलिश होतं, त्याला दुसरं नाव नाही. एका लबाडानं पॉलिश विकलं म्हणून हा धंदाच नको, हे मला पटत नाही.

विट्याची_माहेरवाशीण

दोघांचंही वाचतेय. मी न्हावा शेवाला कस्टम्सच्या कागदपत्रांचं काम करते, आणि माहेर विट्याचं, घरात तीन पिढ्या सोन्याचांदीची गलाई. आमची माणसं कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत गल्लीबोळात दुकानं टाकून बसली आहेत, त्यामुळे ‘वितळवून परत वापर’ म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण सोनं वितळलं तरी सोनंच राहतं, दागिन्याची घडणावळ तेवढी जाते. जहाजाच्या पार्टमध्ये किंमत बहुतेक घडणावळीचीच असते, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, मशिनिंग. ती भट्टीत घातली की गेली. जुन्या विक्रांत युद्धनौकेचे २०१४ ला मुंबईत दारूखान्याजवळ तुकडे झाले आणि त्यातलं पोलाद बजाजच्या मोटरसायकलीत गेलं, सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही वाटला, पण ते रिसायकलिंग झालं. लेथवाले भाऊ म्हणतात ती वेगळी पायरी आहे आणि जास्त किमतीची आहे. इथं मी त्यांच्या बाजूनं.

आता नियम. परदेशातून रीकंडिशन केलेले स्पेअर आणायचे तर मूळ पार्टच्या आयुष्याच्या किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे असं चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. उलट जुना पार्ट दुरुस्तीसाठी इथं आणून परत बाहेर पाठवायचा असेल तर आणायला मोकळीक आहे, अट एवढीच की निघालेला कचरा इथल्या कायद्याप्रमाणं नीट लावायचा आणि माल परत गेला पाहिजे. म्हणजे दार बंद नाही. २०२१ ला जहाज दुरुस्तीवरचा जीएसटीसुद्धा १८ चा ५ टक्के केला. अडचण कागदाची आहेच, पण भाऊ, तुमच्या कुपवाडच्या शेडमध्ये धुण्याचं केमिकल आणि क्रोम प्लेटिंगचं पाणी कुठं जातं ते आधी सांगा. कृष्णेत जाणार असेल तर मी पहिली विरोधात.

लेथवाला_कुपवाड

ताई, प्लेटिंग माझ्याकडं होत नाही, बाहेर देतो. त्या बाहेरवाल्याचं पाणी कुठं जातं हे मी कधी विचारलं नाही. विचारतो. नीट उत्तर मिळालं नाही तर त्याला काम देणार नाही.

मिरजकर_काका

मी ३१ वर्षं पंपाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, आता रिटायर. बाळा कुपवाडकरा, तुझं सगळं पटलं, पण एक विचारतो, राग मानू नकोस. तुझा मायक्रोमीटर शेवटचा कॅलिब्रेट कधी केलास? आपल्या एमआयडीसीत शंभर शेड फिरलोय मी. हात असले की डोळे मिटून पाच मायक्रॉनला जॉब उतरवतील, पण लिहून ठेवायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. ‘काका लक्षात आहे माझ्या.’ लक्षात राहून चालत नाही रे. रीमॅन म्हणजे निम्मं मशिन आणि निम्मी वही. कुठून आला, आला तेव्हा चार जागी माप काय होतं, कुठली वेल्डिंग रॉड, किती डिग्रीला तापवला, थंड कसा केला, नंतर कडकपणा किती आला, कुणी तपासला. हे सगळं एका नंबराखाली पाहिजे, आणि तो नंबर पार्टवर न घासला जाणाऱ्या जागी कोरलेला पाहिजे. ते कराडचे साहेब ‘तास किती’ विचारतात त्याला उत्तर त्या वहीत असतं, लेथवर नसतं.

इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ पासून आहे, लॉइड्स, डीएनव्ही तर त्याच्याही आधीपासून. जहाज आणि त्याचे पार्ट तपासून पास करणाऱ्या या संस्थांना ‘क्लास’ म्हणतात. क्लासच्या माणसाला शेडमध्ये बोलवायचं, वेल्डिंगची प्रोसिजर पास करून घ्यायची, वेल्डर पास करून घ्यायचा. फुकट होत नाही आणि पहिल्या फेरीत होत नाही. क्रँकशाफ्टला तर हातच लावू नकोस, त्याच्यावर वेल्डिंग क्लास सहसा मान्य करत नाही.

सेकंड_इंजिनिअर_कराड

काका, अगदी हेच. आणि अजून एक व्यवहाराची गोष्ट जी किनाऱ्यावरच्या माणसाला दिसत नाही. कंटेनर जहाज बंदरात कधी कधी एक दिवससुद्धा थांबत नाही. आम्ही पार्ट देऊन ‘बारा दिवसांनी न्यायला येतो’ म्हणू शकत नाही, बारा दिवसांनी आम्ही कुठल्या कुठं. त्यामुळं तयार पार्ट तुमच्याकडं रॅकवर पडलेला पाहिजे. जहाज आलं, झिजलेला दिला, तयार घेतला, निघालं. झिजलेल्यासाठी डिपॉझिट ठेवायचं म्हणजे तो परत येतो. म्हणजे पैसे तुमचे अडकणार, सहा महिने, वर्षभर. नाहीतर मग ड्रायडॉकची, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन तपासायची, वेळ धरायची, मालवाहू जहाज सहसा पाच वर्षांत दोनदा डॉकला येतं, मधे ३६ महिन्यांच्या वर अंतर चालत नाही, तेव्हा वेळ मिळतो. पण तेवढ्या कामासाठी सगळे यार्ड आपापली ठरलेली माणसं घेऊन बसलेत. कुपवाडहून कोण बोलवणार?

तुंग_ऊसवाली

मी यातली नाही, नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, हिशोब मी बघते. सरळ मोठ्या जहाजावर उडी का मारताय? आंबा घाट उतरला की रत्नागिरी, मिरकरवाड्यात ट्रॉलर उभे आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या ६१ दिवसांत सगळी इंजिनं उकललेली असतात आणि मेकॅनिक मिळत नाही म्हणून खोळंबतात. आणि त्याच दिवसांत आपल्याकडं साखर कारखाने बंद, रोलरचं काम झालं की लेथ निम्मे रिकामे. दोघांचा रिकामा वेळ एकाच वेळी येतो, हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही?

लेथवाला_कुपवाड

ताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. ट्रॉलरवाल्याला गॅरंटी दिली तर तो बोटीवरून फोन करून शिव्या देईल किंवा पुढच्या जूनला परत येईल, दोन्हीत मला कळेल माझं काम टिकलं का.

सेकंड_इंजिनिअर_कराड

ट्रॉलरला माझा विरोध नाही, फक्त तिथंही माणसंच असतात, सहा-आठ जण, हे विसरू नका. तिथं कागद मागणारा सर्व्हेअर नाही म्हणून वही नको, असं झालं तर माझा विरोध डबल. पंपाचे शाफ्ट, हीट एक्स्चेंजर, व्हॉल्व्हच्या बॉडी, डेकवरच्या विंचचे गिअर इथून सुरू करा. इंजिनाच्या आत नंतर या.

मिरजकर_काका

बाळा, ती पेटी उघडलीच आहेस तर रविवारी ते सहा व्हॉल्व्ह घेऊन ये. माझ्याकडं डाय पेनिट्रंटचं, म्हणजे रंग मारून बारीक क्रॅक शोधायचं, किट आहे, अजून मुदतीतलं.

लेथवाला_कुपवाड

(रविवारी संध्याकाळी)

जाऊन आलो. काकांनी आधी रॉकेलनं, मग क्लीनरनं सहाही पुसून घेतले, लाल डाय मारला, वीस मिनिटं थांबायला लावलं, मी दहाव्या मिनिटाला पुसायला गेलो तर हात धरला. मग पांढरा डेव्हलपर. चार कोरे राहिले. एकाच्या सीटवर लाल रेघ फुटली, आणि एकाच्या मानेत, जिथं दांडा डोक्याला मिळतो तिथं, अर्धवर्तुळात केसाएवढी बारीक रेघ. मी तो व्हॉल्व्ह आठवडाभर टेबलावर ठेवून येणाऱ्या जाणाऱ्याला ‘बघा किती चांगला आहे’ म्हणून दाखवत होतो. दोन्ही तिथंच हॅकसॉनं कापले, परत कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. बाकीच्या चारांचे दांडे चार-चार जागी मोजले, जास्तीत जास्त झीज ६० मायक्रॉन, क्रोम करून मापात येतील. सगळं लिहिलं, दोनशेपानी वही घेतली आहे.

सेकंड_इंजिनिअर_कराड

चांगलं केलंत, मानेतला क्रॅक म्हणजे डोकं तुटून पिस्टनवर पडलं असतं. आता त्या चारांचे चालू तास सांगा.

लेथवाला_कुपवाड

मामेभावाला विचारलं. त्यानं ज्याच्याकडून घेतले त्यालाही विचारलं. कुणाकडं नोंद नाही, कुठल्या जहाजाचे तेही नक्की नाही.

सेकंड_इंजिनिअर_कराड

मग ते चार मी तरी घेणार नाही.

लेथवाला_कुपवाड

मान्य. चारही वेल्डरच्या सरावाला ठेवतो. वहीत पहिल्या पानावर ‘तास: माहीत नाही, विक्रीसाठी नाही’ असं लिहिलंय. जूनला मिरकरवाड्यात जाणार आहे, तिथं इंजिन उकलायच्या आधी तास मालकाकडून लिहून घेणार. कुणी येणार असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.