मुलीला चर्चच्या युथ ग्रुपमध्ये ‘प्युरिटी’ची शपथ घ्यायची आहे

नववीतलीची_आई:
आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलजवळ राहतो. मुलगी नववीत आहे. तिची जिवलग मैत्रीण बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) घरातली, तिच्याबरोबर ती बुधवारी चर्चच्या युथ ग्रुपला जाते. पिझ्झा, खेळ, गाणी, मग बायबल. मुलं चांगली आहेत, म्हणून आम्ही कधी अडवलं नाही. आता तिथे कार्यक्रम ठरलाय: लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवणार नाही, अशा कार्डावर मुलांनी सही करायची आणि आईवडिलांनी त्यांच्या बोटात अंगठी घालायची. लेक म्हणते, मलाही करायचंय.

आमच्या घरीही काही वेगळं शिकवलेलं नाही, त्यामुळे माझा विरोध कशाला आहे हे तिला नीट सांगता येत नाही. पण चौदा वर्षांच्या पोरीने चारचौघांत असली सही करावी, हे मनाला पटत नाही. कुणी जवळून पाहिलंय का?

नगरकर_डॅलस:
ताई, मी मूळचा नगरचा, घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. इथे चर्चच्या मुलांबरोबर काम करतो. लग्नाआधी संयम ही शिकवण मी मनापासून मानतो. नगरला आमच्या मंडळीत पाळकही हेच सांगत, पण कार्ड, अंगठी असलं काही नव्हतं.

ही शपथ तुमच्याच गावची. १९९३ मध्ये नॅशव्हिलच्या सदर्न बाप्टिस्ट लोकांनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ (खरं प्रेम थांबतं) मोहीम काढली. कार्डावरचं वचन देवाला, स्वतःला, कुटुंबाला, मित्रांना, भावी जोडीदाराला आणि भावी मुलांना असतं. १९९४ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर अशी दोन लाखांहून जास्त कार्डं हिरवळीवर रोवली होती. मग अंगठ्या आल्या. १९९८ पासून कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये ‘प्युरिटी बॉल’ म्हणजे बाप-लेकींचे नृत्यसोहळे सुरू झाले, त्यात मुलीच्या शुद्धतेचं रक्षण करीन म्हणून बाप सही करतो. मुलग्यांच्या आयांसाठी असा सोहळा मी कुठे पाहिला नाही, आणि मला खुपतं ते हेच.

माझा आक्षेप शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. एक गुलाब वर्गात हातोहात फिरवतात, पाकळ्या चुरगळतात, आणि विचारतात, आता हा कुणाला हवाय? कधी चघळलेलं च्युइंगगम दाखवतात. त्या खोलीत एखादी अशी मुलगी बसलेली असते, जिच्यावर घरातच अत्याचार झालाय. ती काय ऐकते? माझ्या शुभवर्तमानात कुणी चुरगळलेलं म्हणून टाकून दिलं जात नाही. मुलींनी अंग झाका, नाहीतर मुलगे पापात पडतील, हेही तिथलंच. मुलग्याच्या नजरेचा हिशेब मुलीने का द्यायचा?

१९९७ च्या पुस्तकातून डेटिंगच सोडा असं सांगून गाजलेले जोशुआ हॅरिस, त्यांनी २०१८ मध्ये माफी मागून त्या पुस्तकाची छपाई थांबवायला लावली. चर्चमधल्या आम्हा लोकांना तो मोठा धक्का होता.

मृण्मयी_पब्लिक_हेल्थ:
नगरकरांशी सहमत. त्यात आरोग्याची बाजू घालते. बेअरमन आणि ब्रुकनर या संशोधकांच्या २००१ च्या अभ्यासात शपथ घेणाऱ्या काही मुलांचा पहिला संबंध सरासरी दीडेक वर्ष लांबला, पण तो आला तेव्हा त्यांनी गर्भनिरोधक वापरण्याचं प्रमाण कमी होतं. शाळेत फार जणांनी शपथ घेतली की परिणाम ओसरतो, हेही त्यांना दिसलं. जॅनेट रोझेनबॉम यांनी २००९ मध्ये सारख्याच विचारांच्या मुलांशी तुलना केली. पाच वर्षांनी वागण्यात फरक नव्हता, कंडोमचा वापर मात्र शपथवाल्यांमध्ये कमी होता. आणि ८२ टक्के जण म्हणाले, आम्ही शपथ घेतलीच नव्हती!

टेनेसीतल्या शाळेवरही विसंबू नका. तिथे २०१२ च्या कायद्याने लैंगिक शिक्षणात संयमावरच भर आहे. गर्भनिरोधकं, संसर्ग, संमती हे सगळं घरी तुम्हालाच बोलावं लागेल, सही होवो न होवो.

नववीतलीची_आई:
गुलाबाचं वाचून अंगावर काटा आला. नगरकर, युथ पास्टरना आधी भेटून काय विचारू?

नगरकर_डॅलस:
सरळ विचारा: आईवडिलांना बसता येईल का, मुलगे-मुलींना एकच धडा आहे का, आणि ज्याला सही करायची नाही त्याला सगळ्यांसमोर बसवून ठेवणार का? गुलाब-च्युइंगगमचे खेळ करता का, हेही. चांगला पास्टर रागावणार नाही. आणि लेकीला सांगा, कार्ड नेऊन घरी ठेव, घाई नाही. वचन देवाला असेल तर त्याला मंच लागत नाही.