उन्हाळी हंगाम: ३० गुंठे रान, विहिरीचं पाणी एप्रिलच्या मध्यापर्यंत. काय लावावं?

विहिरीकाठ

फलटण तालुक्याचा पूर्व भाग. मध्यम काळी, निचऱ्याची जमीन, ३० गुंठे. चाऱ्याची मका आहे, २० जानेवारीपर्यंत रान मोकळं होईल. विहिरीवर ५ एचपीची मोटर. सध्या रोज तीन तास चालते आणि दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा तेवढंच येतं. एप्रिलच्या मध्यानंतर जेमतेम एक तास. ठिबकच्या १६ मिमीच्या इनलाइन नळ्या आहेत, ४० सेंमीवर तासाला ४ लिटरचे ड्रीपर. घरची दोन माणसं, मजूर फक्त लावणीला आणि काढणीला.

विचार असा आहे: १५ गुंठे कलिंगड, १० गुंठे भुईमूग, ५ गुंठे भेंडी. संक्रांत झाली की रान धरायचं. यात काय चुकतंय? जाती, बी किती आणि तारखा यावर सविस्तर सांगा.

तिफण

दादा, बियाण्याच्या दुकानात जायच्या आधी मोटरची धार मोजा. "तीन तास चालते" यावरून पाण्याचा अंदाज येत नाही. २०० लिटरचा बॅरल पाइपखाली धरा, किती सेकंदांत भरतो ते बघा आणि इथे लिहा.

पिकाची बाजू अशी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १ मिमी पाणी म्हणजे १०१ लिटर. पूर्ण वाढलेल्या भाजीपाल्याला तुमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रोज ६ मिमी तरी धरा, म्हणजे गुंठ्याला ६०० लिटर. तीस गुंठे हिरवं उभं असेल तर रोज १८,००० लिटर. फेब्रुवारीत रोपं लहान असताना याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. म्हणून त्या महिन्यात सगळ्यांनाच पाणी भरपूर वाटतं आणि रान जास्त धरलं जातं.

भुईमूग काढून टाका. एसबी-११ किंवा टॅग-२४ सत्तावीस जानेवारीला टोकला, तर ११५-१२० दिवस धरून काढणी मेच्या शेवटच्या आठवड्यात येते. शेंगा भरायला लागतात ६५-७० दिवसांनी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून. तुमच्या विहिरीचं पाणी नेमकं तेव्हाच घटतं. त्या टप्प्यात ताण पडला की शेंगा पोचट राहतात. पाला मात्र हिरवागार दिसतो, त्यामुळे चूक उपटल्यावरच कळते.

विहिरीकाठ

मोजलं. बॅरल ५५ सेकंदांत भरला. म्हणजे तासाला साधारण १३,००० लिटर.

तिफण

ही उघड्या पाइपची धार झाली. ठिबकला फिल्टरसकट एक किलो दाब द्यायचा म्हटलं की ती कमी होते. तासाला १०,००० धरून चला. आज तीन तासांचे ३०,००० लिटर आहेत, त्यात तीसही गुंठे आरामात भिजतात. एप्रिलच्या मध्यानंतर १०,००० भागिले ६०० म्हणजे सोळा गुंठे. त्या तारखेला १५ गुंठ्यांपेक्षा जास्त पीक उभं नको, एवढं धरून आखणी करा. निम्मं रान एप्रिलच्या मध्यापर्यंत मोकळं झालंच पाहिजे.

ओलावा

तिफण यांच्या हिशोबात कलिंगड चपखल बसतं. संकरित जातींची रोपं लावल्यापासून ६५-७५ दिवसांत काढणी होते. २८ जानेवारीची लावण ३ ते १३ एप्रिलच्या दरम्यान रिकामी. शुगर बेबी घेऊ नका. चव चांगली आहे, पण बी टोकल्यापासून ८५-९० दिवस लागतात आणि तेच पंधरा दिवस तुमच्याकडे नाहीत.

एक भ्रम आधीच काढून टाका. ही लावण रमजानच्या मागणीला सापडत नाही. २०२६ मध्ये रमजान १९ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होऊन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ईद आहे. दरवर्षी तो १०-११ दिवस अलीकडे येतो. त्या बाजारासाठी लावण नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तुमचा माल निव्वळ उन्हाच्या मागणीवर जाणार, तोच दर मनात धरून खर्च करा.

बेडमध्ये ६ फूट आणि रोपांत सव्वा फूट अंतर धरलं तर १५ गुंठ्यांत (१६,३३५ चौरस फूट) २,१७८ रोपं बसतात. २,३०० सांगा, तूट भरायला. बेडची एकूण लांबी २,७२० फूट, म्हणजे ८३० मीटर. मल्चिंग पेपरचा (बेडवर अंथरायच्या प्लास्टिकचा) रोल ४०० मीटरचा, म्हणजे दोन रोलमध्ये शेवटचे ३० मीटर उघडे राहतील. तिसरा रोल आणायचा नसेल तर बेड थोडे आखूड करा. पेपर ४ फुटी, २५ मायक्रॉन. अंथरण्याआधी ठिबक चालवून प्रत्येक ड्रीपर तपासा. नंतर तुंबलेला ड्रीपर पेपरखाली शोधत बसावं लागतं.

रोप १२-१४ दिवसांचं, दोन खऱ्या पानांचं घ्या. वेलवर्गीय रोप ट्रेमध्ये तीन आठवडे राहिलं की मुळं गुंडाळली जातात आणि लावल्यावर ते बसून राहतं. नर्सरीवाला "मोठं रोप, लवकर येईल" म्हणाला तरी घेऊ नका. हो, आणि रोपवाटिकेत मागणी आजच नोंदवा. संक्रांतीनंतर सांगितलं तर रोपं फेब्रुवारीच्या मध्यात मिळतील आणि वरचा सगळा हिशोब पुढे सरकेल.

लावल्याच्या दिवशीच क्रॉप कव्हर (रोपांवर पांघरायचं पातळ कापड) टाका. फुलकिडे आणि मावा रोखायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. फेब्रुवारीतली गार रात्रही त्याखाली सोसते. साधारण २०-२५ दिवसांनी मादी फुलं दिसायला लागली की काढा, दोन दिवसही उशीर नको. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्यात मधमाश्या पुरेशा वेळा बसल्या नाहीत तर फळ एका बाजूने वाकडं होतं. फुलोऱ्यात फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी पाचनंतर. वेलवर्गीय पिकावर ३५ अंशांच्या पुढे गंधक अजिबात नको, पानं करपतात.

वेलावर दोन फळं ठेवा. काढणीच्या आधीचा आठवडा पाणी हळूहळू कमी करा, म्हणजे गोडी वाढते. एकदम तोडून मग दोन दिवसांनी भरपूर सोडलं की फळं तडकतात.

गवारशेंग

उरलेले १५ गुंठे: ७ गुंठे भेंडी, ८ गुंठे गवार. भेंडी याहून वाढवू नका. एक दिवसाआड तोडा करावा लागतो, एक तोडा चुकला की निम्मी भेंडी निबर. दोन माणसांचं गणित सात गुंठ्यांतच संपतं.

भेंडी: फुले उत्कर्षा, परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. साडेचार फुटी बेडवर दोन ओळी दीड फुटावर, झाडं ८ इंचांवर, जागी दोन बिया. सात गुंठ्यांना ७०० ग्रॅम बी पुरतं. खताची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश आहे. तुमच्या तुकड्याला ती १५ किलो युरिया, २२ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ६ किलो म्युरेट ऑफ पोटॅश एवढी येते. पेरताना सुपर आणि पोटॅश सगळं, युरिया निम्मा. राहिलेला युरिया महिन्यानंतर दोन-तीन हप्त्यांत ठिबकमधून.

भेंडीच्या उगवणीत घात होतो तो थंडीमुळे. सकाळी आठला चार इंच खोल मातीचं तापमान बघा. साधा थर्मामीटर चालतो. १८ अंशांच्या खाली असेल तर थांबा. गार मातीत बी दहा-बारा दिवस पडून राहतं, कुजतं, आणि आपण बियाण्याच्या कंपनीला शिव्या घालतो. साधं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सावलीत सुकवून टोका. रंगीत, औषध लावलेलं बी भिजवू नका, औषध धुऊन जातं. सगळं एकाच दिवशी टोकू नका. अर्धं ५ फेब्रुवारीला, अर्धं २० फेब्रुवारीला. पहिला तोडा टोकल्यापासून ४५-५० दिवसांनी.

केवडा (पिवळा मोझॅक) पांढरी माशी पसरवते. भेंडीच्या दहा-पंधरा दिवस आधी कडेने मक्याच्या दोन ओळी लावा, आत पिवळे चिकट सापळे टांगा. शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून रानाबाहेर न्या. त्यावर औषध नाही, माशीवर आहे.

गवार: फुले गवार किंवा पुसा नवबहार. ८ गुंठ्यांना सव्वा ते दीड किलो बी. किलोला २५ ग्रॅम रायझोबियम (जिवाणू खत) गुळाच्या थंड पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. पेरणी १५ फेब्रुवारीला. लवकर पेरून काही मिळत नाही, तिला ऊब लागते. शेंगा एप्रिलच्या सुरुवातीला लागतात आणि मेमध्येही चालू राहतात. पाणी कमी झालं तरी ती तग धरते, म्हणून तुमच्या विहिरीला सोयीची. उलट पाणी आणि युरिया जास्त झाला की फक्त पाला माजतो.

काळीमाती

सगळ्यांनी छान सांगितलं, पण मूळ प्रश्नातला एक शब्द सुटला: मका. मक्यात ॲट्राझिन हे तणनाशक मारलं होतं का?

मारलं असेल तर कलिंगड आणि भेंडी दोन्ही धोक्यात. ॲट्राझिनमध्ये बी व्यवस्थित उगवतं, म्हणून शंका येत नाही. खरी पानं आली की कडा पिवळ्या पडतात, वाळतात आणि रोप बसतं. लोक बुरशी समजून मुळाशी औषधाच्या आळवण्या घालत राहतात.

चाचणी घरीच होते. रानातून पाच-सहा ठिकाणची वरची चार इंच माती एकत्र करून एक कुंडी भरा, दुसरी कधीही तणनाशक न मारलेल्या बांधावरच्या मातीने. दोन्हीत काकडीच्या दहा-दहा बिया. कुंड्या उन्हात ठेवा, सावलीत लक्षण दिसत नाही. वीस दिवस बघा. आज सुरू केलीत तर लावणीआधी उत्तर मिळेल. रानातली कुंडी पिवळी पडली तर कलिंगड रद्द.

दुसरं, तुमच्या भागात ऊस आहे. उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप भेंडीला वापरू नका, कितीही धुतला तरी. वाऱ्यावर आलेले थेंबही पुरतात. पानं पक्ष्याच्या पंजासारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी होतात आणि सगळे त्याला व्हायरस म्हणतात. ओळखायची खूण: व्हायरसची झाडं विखुरलेली दिसतात, २,४-डीचा पट्टा उसाच्या बाजूने सुरू होऊन आत कमी होत जातो.

आऱ्या

भुईमूग इतका सरसकट बाद करू नका. शेततळं असेल, कालव्याचं उन्हाळी आवर्तन असेल, तर उन्हाळी भुईमुगासारखं पीक नाही. दहा गुंठ्यांना दहा किलो दाणे, ३० बाय १० सेंमी, जिप्सम ४० किलो: निम्मं पेरताना, निम्मं आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे देठ) सुटताना. जमीन सुधारायचा आणि जनावरांना पाल्याचा फायदा वेगळाच.

तिफण

पीक चांगलंच आहे, वाद नाही. पण प्रश्नात शेततळंही नाही आणि आवर्तनही नाही.

भातखाचर

मध्येच विचारतो. आम्ही सिंधुदुर्गात. भात काढल्यावर खाचरात ओल आहे, विहीर लहान. हेच वेळापत्रक चालेल का?

ओलावा

नाही. तुमच्याकडे थंडी कमी, त्यामुळे मातीच्या उबेसाठी थांबायचं कारण नाही. पण ओल रोज उतरते आहे. भात निघाल्यावर लगेच वाल, कुळीथ, चवळी पेरायची असते. गोव्यात आळसांदे (चवळीचा प्रकार) अशाच उरलेल्या ओलीवर घेतात. जानेवारीअखेर खाचराला भेगा पडायला लागल्या असतील तर कडधान्याची वेळ गेली. मग विहिरीजवळ दोन-तीन गुंठेच धरा: लाल माठ आणि वेलाची काकडी, आळी करून, पेंढ्याचं आच्छादन घालून.

विहिरीकाठ

मक्यात पेरणीनंतर दुसऱ्या दिवशी ॲट्राझिन मारलं होतं, ऑक्टोबरच्या अखेरीस. कुंड्या आजच भरतो. कलिंगड रद्द करावं लागलं तर त्या १५ गुंठ्यांत काय?

काळीमाती

वैरणीची मका किंवा ज्वारी. दोन्हींना ॲट्राझिन सोसतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरा, एप्रिलमध्ये पाणी उतरायला लागलं की मका तुरा-कणीस न बघता कापून घ्या. ज्वारी मात्र कोवळी, गुडघ्याएवढी असताना जनावरांना घालू नका, विषबाधा होते. फुलोऱ्यात आल्यावरच कापा. आणि कुंडीत पिवळेपणा आला तर भेंडी-गवारीच्या तुकड्यातली माती वेगळ्या कुंडीत तपासा. पंपवाल्याचा हात सगळीकडे सारखा पडत नाही, वळणाच्या कडेला दुप्पट औषध बसलेलं असतं.