रोज बघूनही दिसत नाही, ते दिसायला लागतं का?

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला. लेकीला सुट्टीचा अभ्यास दिलाय, घराजवळच्या पाच झाडांची नावं लिहायची. काल तिने मला सोसायटीच्या गेटपाशी उभं केलं आणि विचारलं, "आई, हे कुठलं?" अकरा वर्षं मी त्याच झाडाखाली उभी राहून रिक्षा पकडते. नाव सोडाच, त्याला फुलं येतात का तेही मला आठवेना.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. सुरंगीच्या कळ्या उमलायच्या आत, भल्या पहाटे काढायच्या असतात, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. ती नजर गेली कुठे? मुद्दाम कुठे ट्रेकला वगैरे जाणं जमणार नाही. रोजच्या धावपळीतच दिसायला लागावं म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत?

मास्तर, चिपळूण
ताई, मी 31 वर्षं शाळेत शिकवलं. फळ्यावर पक्ष्यांची चित्रं काढली, पण शाळेच्या पन्हळीवर कोण बसतं ते पाहिलं नाही. बघायला शिकवलं ते आमच्या हिने.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी हिला सात महिने अंथरुणाला खिळून राहावं लागलं. खाटेवरून एकच खिडकी दिसायची. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहायचो, तेव्हा ही म्हणाली, "त्याच चौकोनात लिहा, आज दयाळ उजाडायच्या आधी बोलला." लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने आणखी काही सांगितलं.

मार्चमध्ये एकदा मी झाडू घेऊन खिडकीच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं काढायला गेलो, तर ही ओरडलीच, "थांबा!" शिंजिराची मादी गजावर येऊन बसली. अंगठ्याएवढा जीव! चोचीने कोळिष्टकाचा धागा ओढला, मान वळवून चोचीभोवती गुंडाळला आणि जास्वंदीकडे गेली. तिथे फांदीच्या टोकाला घरटं लोंबत होतं. गवताच्या काड्या, सालीचे कपटे, सगळं त्या जाळ्याने चिकटवलेलं. दार कडेला, आणि दारावर पावसाचं पाणी आत जाऊ नये अशी इवलीशी पडवी. तो निळ्या-जांभळ्या अंगाचा नर जवळपास असायचा, पण बांधकाम तिचं एकटीचं.

म्हणून सांगतो, जागा एकच धरा. गेट तर गेट. आणि त्याच दिवशी एक ओळ लिहा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. काल आणि आज यांत काय बदललं ते हुडकायची डोळ्यांना आपोआप सवय लागते. वर्ष उलटलं की जुनी दिनदर्शिका शेजारी धरा. आमच्याकडे पावशा मागल्या वर्षी 21 मेला पहिल्यांदा ऐकला, यंदा कधी बोलतो याची वाट बघतोय.

ही आता हिंडते-फिरते. पण त्या खिडकीकडे झाडू घेऊन कुणाला जाऊ देत नाही.

गच्चीवरून, पुणे
मास्तरांचं पटलं, फक्त एक सांगतो. झाडा-पक्ष्यांची नावं येत नाहीत म्हणून अडून बसू नका. मला सावलीने वेड लावलं. पुण्यात 13 मेच्या आसपास भर दुपारी, साडेबाराला, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर पाण्याची बाटली उभी ठेवली की सावली सरकत सरकत बुडाखाली गडप होते. तुमच्याकडे दोन-तीन दिवस नंतर. लेकीला दाखवाच.

रात्रपाळी
मी सकाळी सहाला ड्यूटीवरून सुटतो. श्रावण-भाद्रपदात आमच्या कॉलनीच्या वळणावर प्राजक्ताचा सडा असतो. त्यावरून सायकल नेववत नाही, उतरून कडेने चालतो.

डोंबिवलीकरीण
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मास्तर, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आज संध्याकाळी रिक्षातून उतरल्यावर लगेच जिना चढले नाही, मान वर करून उभी राहिले. झाडावर गेल्या वर्षीची वाळकी बोंडं अजून आहेत, लाकडासारखी कडक, फाकांत उकललेली. आणि त्यांच्याच वर, रस्त्याकडच्या फांदीला, जांभळा तुरा! पाकळ्या अगदी चुरगाळलेल्या, धुऊन पिळलेली ओढणी तशीच वाळावी तशा. मधे पिवळे केसर. वॉचमनकाका म्हणाले, "ही तामण. आमच्या गावी वहाळाच्या काठाला असते." आपल्या राज्याचं फूल म्हणून शाळेत पाठ केलं होतं ते हेच, आणि ते अकरा वर्षं माझ्या डोक्यावर होतं.

दिनदर्शिकेत लेकीनेच लिहिलं: "दूध 1 लिटर. तामण, एक तुरा, खालून चार कळ्या उघडल्या." उरलेल्या कळ्या किती ते मोजायला उद्या तिला सहाला उठवायचंय.