कालचे दोस्त आज माझ्या हाताखाली, कसं सांभाळू?

चाकणला शॉपफ्लोअरवर आहे, मागच्या महिन्यात सुपरवायझर केलं. 9 जण, त्यातले चौघं माझ्यासोबतच लागलेले. पीस रिजेक्ट झाला की लपवतात, मला क्वालिटीवाल्यांकडून कळतं, ओरडावं तर मैत्री जाते. काय करू?

उत्तर: चारचौघात ओरडू नकोस रे, बाजूला घे आणि आधी त्याचं ऐकून घे. ड्युटीवर नियम सगळ्यांना सारखे हे चौघांनाही एकेकट्याला स्पष्ट सांग.

उत्तर: लपवतात म्हणजे घाबरतात. टोयोटात काही चुकलं की कामगार स्वतः इशाऱ्याची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर लगेच मदतीला येतो आणि प्रॉब्लेम सुटला नाही तर लाइनच थांबते. तू पण जो स्वतःहून सांगेल त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दे.

उत्तर: शिफ्ट लावताना दोस्तांनाच फर्स्ट देऊ नको, बाकीचे पाच जण तेच बघत असतात.