गौरींना तान्हं बाळ येतंय, घरात नुकतेच उलट्या-जुलाब होऊन गेलेत. काय आणि कशाने पुसू?

ठाणेकरीण: मदत हवी आहे. गौरीजेवणाला नणंद येतेय, तिचं बाळ तीन महिन्यांचं. गेल्या आठवड्यात आमच्या धाकट्याला उलट्या-जुलाब झाले. आता तो ठणठणीत आहे, पण त्या दिवसांत त्याचा हात लागला नाही अशी वस्तू घरात नसेल. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, तपासणी काही केली नाही. नणंदेला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "येतेच गं वहिनी, फक्त नीट पुसून घे."

सासूबाई म्हणतात फिनेलने पुसा. नवरा सॅनिटायझरची बाटली घेऊन तयार आहे. बाळ अजून रांगत नाही, त्यामुळे मला फरशीपेक्षा दाराच्या कड्या, नळ, फ्लशचं बटण, स्विचबोर्ड, रिमोट यांची धास्ती वाटते. नक्की काय वापरू?

लॅबवाली_मावशी: फरशीपेक्षा हाताच्या जागा, हे अगदी बरोबर. फ्रिजचा दांडा, गॅसची बटणं, पाण्याच्या पिंपाचा डाव आणि मोबाइल हेही यादीत घ्या.

कोणता व्हायरस ते माहीत नाही, तर नोरो (उलट्या-जुलाब करणारा, झपाट्याने पसरणारा नोरोव्हायरस) धरूनच चाला. त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही आणि घरगुती फिनेलवरही विसंबू नका. ब्लीच लागतं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 4 ते 5 टक्के लिहिलेलं असेल तर 1 लिटर पाण्यात 25 मिली. (ब्लीचिंग पावडर वेगळी, तिला हे माप लावू नका.) आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा, कारण तेलकट, चिकट थरावर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. मग ब्लीचचं फडकं फिरवा आणि जागा निदान 5 मिनिटं ओली राहू द्या. आपण सगळे इथेच घाई करतो, लगेच कोरडं पुसून मोकळे होतो. नंतर साध्या पाण्याने पुसा. मिश्रण रोज ताजं करा, खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. आणि टॉयलेट क्लीनरमध्ये ते चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

स्विचबोर्डावर काहीही फवारायचं नाही. मेन बंद करून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. रिमोटचे सेल काढून तसंच.

कोकणचा_बाप्पा: व्हिनेगर किंवा तुरटीचं पाणी नाही का चालणार? लहान बाळ आहे, ब्लीचचा वास…

लॅबवाली_मावशी: व्हिनेगरने डाग जातील, नोरो नाही. वास नको असेल तर हे काम आदल्या दिवशी उरका. बाळ यायच्या वेळी घरात वास उरणार नाही.

ठाणेकरीण: खूप आभार! दाराची कडी पितळेची आहे आणि समया, देवघराची घंटा… त्यांनाही ब्लीच?

लॅबवाली_मावशी: समया-घंटेला नको, पितळ काळवंडतं. त्या भांड्याच्या साबणाने, भरपूर पाण्याने धुवा, नेहमीसारखी चिंच-पितांबरी लावा. कडीला मात्र ब्लीच लावून 5 मिनिटांनी लगेच भरपूर पाण्याने पुसा. थोडी लकाकी गेली तर पितांबरी आहेच.

पण ताई, एक गोष्ट सगळ्या पुसण्याहून मोठी. बरं झाल्यावरही मुलाच्या शीतून हा व्हायरस दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस बाहेर पडू शकतो. धाकट्याला शी झाल्यावर आणि बाळाजवळ जाण्याआधी साबणाने 20 सेकंद हात धुवायला लावा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. या खेपेला पुरणपोळ्या लाटायला त्याची मदत नको. बाळाला मांडीवर घ्यायचा हट्ट करेल, तेव्हा पायाशी बसवा. संडासाचं फडकं स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, दोन रंगांची फडकी ठेवा.

ठाणेकरीण: पुरणपोळीवरून रडारड होणार आहे. त्याला रांगोळीवर बसवते. ब्लीच आजच आणते.