विषय: फर्नेस पेटते आणि विझते (आम्ही सांगलीत, लेक शिकागोत)

मंडळी, नमस्कार.

पुतणीच्या लग्नासाठी आम्ही दोघं विश्रामबागेत आलोय. आज सकाळी आठला पोहे पुढ्यात आले आणि लेकाचा फोन. तिकडे रात्रीचे साडेआठ, बाहेर उणे १८, घरात १३. बेसमेंटमधली फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, पेटते, चार-पाच सेकंद जळते आणि विझते. पुन्हा घरघर, पुन्हा तेच. तीनदा झालं की गप्प बसते. तिला चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलून झाल्या. सर्व्हिसिंगवाल्यांनी परवाची वेळ दिलीय.

इकडे घरात बारा मतं. दीर म्हणतात, सिलिंडर संपत आला असेल. तिकडे पाइपचा गॅस असतो हे त्यांना पटत नाही. सासरे एवढंच म्हणाले, "पेटतंय म्हणजे गॅस आहे. मग विझवतंय कोण?" म्हणून तुम्हाला विचारते. लेकाला स्क्रूड्रायव्हर धरता येतो, फर्नेस कधी उघडलेली नाही.

— सांगलीची सून

*

वहिनी,

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, नेमकं बोट ठेवलंय त्यांनी. विझवतो तो कंट्रोल बोर्ड, आणि तुमच्या भल्यासाठीच विझवतो.

आधी छोटा पंखा धूर बाहेर ओढायला लागतो. तो ओढतोय हे प्रेशर स्विचने कळवलं की गॅस पेटवणारा इग्नायटर लालबुंद होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. पण खरंच पेटले का, हे बोर्डाला कसं कळायचं? त्यासाठी जाळात एक दांडी असते, फ्लेम सेन्सर. जाळातून अगदी बारीक वीज वाहते, दोन-चार मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाचे दोन-चार. दांडीवर पातळ थर चढला की तीही अडते. समोर आग धडधडत असते आणि बोर्डाला ती दिसत नाही. न पेटलेला गॅस साचू नये म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करतो. तुमची लक्षणं याचीच वाटतात.

लेकाला सांगा: थर्मोस्टॅट बंद, फर्नेसचा ब्रेकर बंद, गॅसचा कॉक बंद. मग दार काढायचं. बर्नरपाशी एका स्क्रूवर बसलेली, एकच वायर असलेली दांडी शोधायची. दोन वायरी दिसल्या तर तो इग्नायटर. त्याला बोटही लावू नको म्हणावं, फार ठिसूळ असतो. दांडी पांढऱ्या चिनी मातीला धरून काढायची आणि बारीक स्टील वुलने हलक्या हाताने घासायची. खरखरीत पॉलिश पेपर नको, ओरखडे पडले की पुन्हा लवकर थर धरतो. अर्थिंगची वायर सैल नाही ना, तेही बघू दे.

दार बसवताना जपून. त्याच्यामागे एक बटण असतं, ते दाबलं गेलं नाही तर काहीच चालू होत नाही. माझा यात एकदा अर्धा तास गेला होता आणि मी बोर्डाला शिव्या देत होतो.

गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर मात्र हे सगळं सोडून घराबाहेर, आणि फोन बाहेरूनच.

— बेसमेंटवाले काका

*

काकांचं बरोबर आहे. तरी फर्नेसचे पांढरे पाइप भिंतीतून बाहेर येत असतील तर त्यांच्या तोंडाशी बर्फ साचलाय का, तेही बघायला सांग गं. आमच्याकडे त्यानेच घोटाळा झाला होता. रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवू दे, पाइप गोठायला नकोत. नाहीच जमलं तर त्याला आमच्याकडे झोपायला पाठव, पिठलं-भात तयार आहे.

— शेजारच्या गल्लीतली

*

काका, पेटली आणि टिकली!

लेकाने दांडीचा फोटो पाठवला. नुसती जराशी राखाडी. मला वाटलं, हिला काय धाड भरलीय? पण घासून बसवली. पहिल्यांदा काहीच हललं नाही, तुमचं ते दारामागचं बटण. दुसऱ्यांदा धडधड सुरू झाली ती थांबली नाही. तासाभरात घर १७ वर आलं. जाता जाता फिल्टर काढला तर त्याची गोधडी झालेली! सर्व्हिसिंगची वेळ ठेवलीच आहे, नवा सेन्सर बसवून घेऊ.

सासऱ्यांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे गुऱ्हाळच की." त्यांच्या लहानपणी चुलवाणात चिपाड घालणाऱ्या गड्याला कढईतलं काही दिसायचं नाही. गुळव्या वरून ओरडेल तसा जाळ कमी-जास्त करायचा. हाक आली नाही तर जाळ ओढून घ्यायचा.

मग त्यांची नजर गेली आमच्या इथल्या गॅस गीझरकडे. तो बाथरूमच्या आत, आणि थंडी लागते म्हणून दिरांनी खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मी सांगेपर्यंत त्यांनी पुठ्ठा उपटलासुद्धा. दिरांनी थोडी कुरकुर केली. प्लंबर शुक्रवारी गीझर बाहेर गॅलरीत लावून देणार आहे. तोवर लग्नाच्या पाहुण्यांसाठी माळ्यावरचा तांब्याचा बंब परसात काढलाय. चिंचेने घासायचं काम माझ्याकडे आलंय.

— सांगलीची सून