अनुभव धागा: तुमचा पहिला प्रोग्राम कसा जमला (किंवा कसा फसला)?

माळ्यावरची मांजर:
काल माळा आवरताना कॉलेजची जर्नल सापडली. तपकिरी कव्हर, आत पेनाने लिहिलेलं व्हॉइड मेन, म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रामची सुरुवात. हो, पेनाने! प्रोग्राम आधी जर्नलमधे, मॅडमची सही, मग चपला बाहेर काढून लॅबमधे, दोघींत एक कॉम्प्युटर आणि टर्बो सीची (सी प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) ती निळी स्क्रीन. पहिला प्रोग्राम रन केला तर स्क्रीन नुसती लुकलुकली आणि परत कोड समोर. चारदा केलं. रडकुंडीला आले होते. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलाने येऊन खाली गेटचची (बटण दाबेपर्यंत थांब) एक ओळ टाकली. उत्तर पहिल्यापासून बरोबर येत होतं हो, फक्त ते दिसायला स्क्रीन थांबत नव्हती.

हे आठवायला अजून एक कारण, भाची आर्ट्सला आहे, ती विचारतेय मावशी कोडिंग कुठून सुरू करू. दोन महिने नुसते व्हिडिओ बघतेय. तुम्ही कसे शिकलात ते लिहा, तिला दाखवते.

अर्धा कप:
लॅबबाहेरून माझी नवी कोरी कोल्हापुरी गेली होती. प्रोग्रामचं काही आठवत नाही.

जुना खडू:
आमच्या शाळेत १९८६ला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले, क्लास नावाच्या सरकारी योजनेतून. त्यावरच्या बेसिक भाषेत प्रत्येक ओळीला नंबर, १०, २०, ३० असे, म्हणजे मधे काही विसरलं तर १५ घुसवता यावं. १० ला नाव प्रिंट करा, २० ला गोटू १० (परत १० वर जा), झालं, स्क्रीनभर आपलंच नाव धावतंय! थांबवायला एस्केप. घाईत ब्रेक दाबलं की प्रोग्राम गायब आणि सर ओरडणार. नंतर कळलं की नुसतं ओल्ड टाइप केलं की तो परत येतो. वर्षभर आम्ही सगळं पुन्हा पुन्हा टाइप करत होतो!! पण त्यानेच बोटांत बसलं बहुतेक.

झेरॉक्सवाला:
स्पेस. एक स्पेस. दोन तास.
(पायथॉन भाषेत ओळीच्या सुरुवातीची एक स्पेस चुकली तरी प्रोग्राम अडतो, पायथॉनवाल्यांना कळेल)

नाशिकची चिवडेवाली:
मी ४४व्या वर्षी सुरू केलं, लॅपटॉप नाही, फोनवर ब्राउझरमधेच पायथॉन. क्लास वगैरे नाही, आमच्या भिशीत बारा जणी, चिठ्ठ्या टाकायचा कंटाळा म्हणून म्हटलं नावं कॉम्प्युटरने काढावी. यादी केली, रँडम चॉइस लावला, पहिल्या महिन्यात मस्त नाव आलं. दुसऱ्या महिन्यात परत तिचंच!! केवढा गोंधळ, म्हणे हिने सेटिंग केलंय. मग मुलाने सांगितलं, आई चॉइस फक्त निवडतो, यादीतून काढत नाही, ते तू सांगायचंस. ती रिमूव्हची ओळ मी जन्मात विसरणार नाही. बायका मात्र पुन्हा चिठ्ठ्यांवर गेल्या. थांबा, शिट्टी झाली.

अर्धा कप:
चिवडेवाली ताई 😂😂 भिशी तुमचीच लागली असेल तिसऱ्यांदा

ठाणे स्लो:
ट्रेनमधून लिहितोय. मांजरताई, भाचीला सांगा व्हिडिओ बंद. बघून पोहता येत नाही. रोज वीस मिनिटं स्वतःच्या हाताने टाइप करायचं, कॉपी पेस्ट नाही, आणि एरर आली की घाबरून खिडकी बंद करायची नाही. पायथॉनमधे सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, काय बिघडलं ते तिथे असतं, कुठल्या ओळीत ते जरा वर. सीमधे उलटं, पहिली एरर दुरुस्त करा, एक सेमीकोलन राहिला की खाली वीस खोट्या एरर येतात. मी पहिल्या महिन्यात त्या वीसच्या वीस दुरुस्त करत बसायचो. मुलुंड आलं.

जुना खडू:
सी आधी शिकावं असं माझं ठाम मत आहे. पाया पक्का होतो.

झेरॉक्सवाला:
काका, पाया पक्का होईपर्यंत पोरं पळून जातात. मला क्लासमधे पायथॉनच्या जुन्या नोट्स दिल्या होत्या, त्यात प्रिंटला कंस नाही. कंस लागणारं पायथॉन ३ तर २००८लाच आलं. पहिलीच ओळ चालेना, वाटलं मीच ढ.

दूधवाल्याची वही:
माझा हिशोबाचा प्रोग्राम पैशात गडबडायचा. ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. आपल्याला एक भागिले तीन जसं दशांशात संपत नाही तसं कॉम्प्युटरच्या शून्य-एकात ०.१ संपतच नाही. मग सगळं रुपयांऐवजी पैशांत ठेवलं, पूर्ण आकड्यात, आणि दाखवताना शंभराने भागलं. भय्याने विचारलं, एवढं करण्यापेक्षा वही काय वाईट होती?

अर्धा कप:
आता एआय लिहून देतो की सगळं, शिकायचं कशाला. बाय द वे साबुदाणा रात्रीच भिजवावा लागतो का?

नाशिकची चिवडेवाली:
दोन तास पुरतात, पाणी जेमतेम बुडेल एवढंच. आणि एआयला मी भिशीचं विचारलं होतं हो, छान लिहून दिलं, पण त्यात नाव काढून टाकायचं राहिलंय हे मला दिसलं कारण आधी माझी अब्रू गेली होती.

माळ्यावरची मांजर:
भाचीने धागा वाचला. तिचा मेसचा डबा महिन्यात किती दिवस खाडा झाला ते मोजणारं काहीतरी लिहितेय. आत्ताच फोन, "मावशी, उत्तर उणे चार येतंय." म्हटलं मेसवाल्या काकूंना दाखवू नकोस. जुना खडू काका, ते ओल्डचं वाचून घरात सगळे हसतायत.

अर्धा कप:
पाणी जास्त झालं. लगदा झाला. ओल्ड टाइप करू का?